मदत हवी आहे: आईचं टीएसएच वीस दिवसांतच तपासलं, पुढे काय करू?

आई ६७ वर्षांची, कोथरूडला आमच्याकडेच असते. नऊ वर्षं हायपोथायरॉइड (थायरॉइड ग्रंथी मंद), थायरॉक्सिनची पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी चालू होती. १० मार्चला टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, गोळी कमी पडली की वाढतं) ८.२ आलं म्हणून डॉक्टरांनी पंच्याहत्तरची दिली, दीड-दोन महिन्यांनी परत तपासा म्हणाले. इथवर सगळं सरळ.

३० मार्चला सोसायटीत रक्ततपासणीचं शिबिर होतं. फुकट म्हटल्यावर आई पहिल्या पाचांत. टीएसएच ७.१. समोरच्या काकूंनी रिपोर्ट बघून निदान केलं, "गोळी कमी पडतेय." पन्नासच्या जुन्या बाटलीत गोळ्या उरल्या होत्याच, आई त्या दोन-दोन घ्यायला लागली. मला काल कळलं, तोवर बारा दिवस झालेले. रोज वेताळ टेकडी चढणारी बाई आता जिन्यात थांबते, छाती धडधडते म्हणते. रात्री तीनला जागी असते.

काल खोदून विचारलं तर आणखी एक निघालं. साडेसहाला गोळी, पाठोपाठ चहा, आणि साडेसातला पोह्यांबरोबर कॅल्शियम. ते हाडांच्या डॉक्टरांनी जानेवारीत दिलेलं. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, एकमेकींना पत्ता नाही. मला तर वाटतंय पन्नासची कमी पडत नव्हती, ती अंगी लागतच नव्हती.

आमच्या डॉक्टरांची वेळ शनिवारची आहे. तोवर टीएसएच करून ठेवू की थांबू? त्या दिवशी गोळी रक्त देण्याआधी की नंतर? फ्री टी-४ (रक्तातलं थायरॉइडचं संप्रेरक) पण करायचं का? लॅबवाला "पूर्ण पॅकेज घ्या" म्हणतो, तो म्हणणारच.

चौदा वर्षं गोळीवर:
ताई, शनिवारपर्यंत थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. या वयात डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. धडधड गोळीमुळेच आहे असं नाही, पण ईसीजी हवाच. छातीत दुखलं, चक्कर आली तर फोनही नको, थेट दवाखाना गाठा. मनाने घेतलेला डोसही सांगा, लाजू नका.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात शिजू तर द्या! ही गोळी रक्तात निम्मी व्हायलाच साधारण सात दिवस लागतात, आणि टीएसएच त्याच्याही मागून सावकाश हलतं. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे. आता डोस, चहा, कॅल्शियम सगळंच बदलणार, तर मोजणी नव्याने. डॉक्टरांना धडधडीसाठी लगेच तपासायचं असेल तर गोष्ट वेगळी.

गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने. आमच्याकडे कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर.

टेकडीवाला:
रक्त आधी, गोळी नंतर. टीएसएचला फारसा फरक पडत नाही, पण फ्री टी-४ गोळीनंतर काही तास चढं दिसतं. ते करायचं की नाही हे डॉक्टर सांगतील, पॅकेज नको. लॅब तीच, वेळ तीच ठेवा. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू आहे का? त्याने रिपोर्ट चुकू शकतो, आमच्या हिचा चुकला होता.

धागाकर्ती:
बोलले डॉक्टरांशी. संध्याकाळी ईसीजी, डोस तिथेच ठरवतील. बायोटिन निघालं, काकूंनीच दिलेलं. पन्नासची बाटली आता माझ्या पर्समध्ये आहे आणि आई माझ्याशी बोलत नाहीये.