मदत हवी आहे: लेक जेवत नाही, कोल्हापुरात कुणाला दाखवू?

नमस्कार. आम्ही राजारामपुरीत राहतो. माझी लेक १६ वर्षांची. रविवारी घरात तांबडा-पांढरा झाला की म्हणते, "मैत्रिणीकडं जेवून आलो." जेवलीच तर लगेच बाथरूममध्ये, नळ सोडून. चार महिने पाळी नाही. सासूबाई म्हणतात, नखरे आहेत. मला नाही पटत, हा खाण्यासंबंधीचा आजार (ईटिंग डिसऑर्डर) आहे. सारख्या उलट्यांनी पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे कळल्यापासून झोप नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलले. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हणाले.

कोल्हापूर किंवा सांगली-मिरजेत या आजाराचा अनुभव असलेलं कुणी माहीत आहे का? आणि पानावर बसल्यावर तिच्याशी काय बोलू, काय टाळू? "बारीक झालीस, छान दिसतेस," असं सुरुवातीला मीच म्हणाले होते.