पेठेतल्या वाचनालयानं इतिहास मांडावा, की जाणकारांवर सोडावा?

धोटा_आणि_मी
गेल्या आठवड्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या वाचनालयात तीन दिवस पेठेच्या जुन्या वस्तू मांडल्या होत्या. वर्तमानपत्रांची टेबलं भिंतीला सरकवली, त्यावर चादरी अंथरल्या आणि लोकांनी घरून आणलेलं ठेवलं. लाकडी धोटे, कांड्या, गिरणीचा बिल्ला, मार्कंडेयाच्या रथाचे नारळी पौर्णिमेचे फोटो, बिड्या वळायचं सूप आणि कात्री. जॅकार्डच्या पंचकार्डांची, म्हणजे मागावर नक्षी ठरवणाऱ्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची, माळ खिडकीला टांगली होती.

दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले. सगळं आयुष्य चादरीच्या मागावर गेलेलं, आता नजर अधू. माळेवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, “उलटी टांगलीय रे. अशी विणली तर मोर तोंड फिरवून बसेल, नाव आरशातलं येईल.” मग पाऊण तास खुर्चीत बसून समजावत होते. भोक आलं की हूक उचलतो, ताण्याचा, म्हणजे उभा, दोरा वर जातो. भोक नाही, तर दोरा खाली. एकेका कार्डात नक्षीची एकेक ओळ. आठवीतली चार पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती.

मोठ्या संग्रहालयात काचेआडच्या माळेला त्यांना हात लावू दिला असता का? म्हणून म्हणतो, दरवर्षी तीन दिवसांवर भागवू नका. शहरातल्या प्रत्येक वाचनालयात, समाजमंदिरात एक कपाट कायमचं याच कामाला द्या.

कागद_सांभाळा
गोष्ट छान आहे, पण ती तुमच्याच विरुद्ध जाते. माळ उलटी टांगली, कारण टांगणाऱ्याला त्यातलं कळत नव्हतं. आणि टांगली कुठं, तर खिडकीला! सोलापूरचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको.

मी पण आलो होतो. एक मोडी दस्त लॅमिनेट केलेला होता. ते प्लास्टिक आता काढायला गेलात तर कागद सोबत येईल. दुसऱ्याला सेलोटेप, तिची चिकटी पिवळी पडून अक्षरांत उतरलेली. चार हुतात्म्यांच्या फलकावर फाशीचं साल १९३० लिहिलं होतं. मार्शल लॉ मे १९३० चा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली १२ जानेवारी १९३१ ला. याच शहरात हे चुकावं?

कायमचं कपाट म्हणजे वाळवीला कायमचं आमंत्रण. विद्यापीठ आहे, तिथं द्या. नीट राहील.

धोटा_आणि_मी
सालाची चूक कबूल. एका निवृत्त बाईंनी पहिल्याच सकाळी दाखवली, तासाभरात स्केचपेननं दुरुस्त केली. तुम्ही त्याआधी येऊन गेला असाल. दस्त आमच्याकडे लॅमिनेट होऊनच आला. घरच्यांनी जपायला म्हणूनच केला होता, बिचारे.

गिरणीचा_भोंगा
जुन्या गिरणीचं घ्या. १८७७ ला सुरू झाली. १९४९ ला मालकांनी बंद केली, १९५० ला सरकारनं वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला. त्यावर चरणजितलाल चौधरी नावाचा एक भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेला. समानतेच्या हक्कावरचा तो खटला देशभरातली वकिलीची पोरं आजही पाठ करतात. आणि गिरणीच्या आसपास राहणाऱ्या पोराला विचारा, तो म्हणतो, “तिथं काय होतं?” विद्यापीठाच्या कपाटात ठेवून त्याला कळणार आहे का? त्याच्या रोजच्या वाटेवर पाहिजे ते.

छाट_बिडी
बिड्यांचं सूप ठेवलं होतं, त्यात झेंडूची फुलं. फलक काय, तर ‘पारंपरिक गृहउद्योग’.

माझ्या आईनं त्या सुपावर पस्तीस वर्षं काढली. मजुरी दर हजार बिड्यांमागे. पानं भिजवणं, कापणं, वळणं, दोरा बांधणं, सगळं करून कारखान्यात न्यायचं आणि तिथं तपासणारा मूठभर बिड्या छाट म्हणून बाजूला काढणार. छाटेचे पैसे नाहीत. तंबाखूची धूळ घरात, पाळण्यात, भाकरीवर. हे कुठं लिहिलं होतं? फुलं कशाला घातली त्यात?

जाणकार की गल्लीतले, हे भांडण तुमचं तुम्ही करा. दोघांनाही आपलं जुनं गोड करूनच बघायचंय.

पेठेतला_पांडू
काय बोलायलाव मालक सगळे! अर्धी पेठ घरात तेलुगू बोलते, पलीकडं कन्नड, उर्दू. फलक नुसते मराठीत. माझी आज्जी फोटो बघून पटापट नावं घ्यायली, तीही तेलुगूत, लिहून घ्यायला कुणी नव्हतं. ती नावं गेली की आता.

तारेपलीकडचा
सेटलमेंटचा, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना ठेवायच्या वसाहतीचा, एकही फोटो नव्हता. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, तो १९५२ ला रद्द झाला. त्याआधी याच शहरात तारेच्या कुंपणाआत आमची माणसं हजेरी देत होती. पेठेचा इतिहास पेठेपुरता ठेवला की शेजारी आपोआप गळतो.

कागद_सांभाळा
पांडूंच्या आज्जीचं वाचून गप्प बसलो. तो माझ्याच बाजूचा मुद्दा आहे असं म्हणणार होतो, पण विद्यापीठात ती आज्जी गेलीच नसती.

तरी कपाटाला माझा विरोध कायम. फार तर एवढं करा. मूळ वस्तू मालकाच्या घरी, वाचनालयात फोटो आणि प्रती. एक जाड वही ठेवा: वस्तू कुणाची, कधी आली, कुणी काय सांगितलं, ज्या भाषेत सांगितलं त्या भाषेत. आणि ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांपुढचं असलं तर १९७२ च्या कायद्यानं ते पुरावस्तूंत मोडतं, त्यामुळे असलं काही आलं की आधी माहितगाराला दाखवा. कडुनिंबाचा पाला ठेवला म्हणजे झालं असं समजू नका.

धोटा_आणि_मी
वही आजच आणतो. कपाटाचं मात्र मी सोडत नाही. प्रतीवर बोटं फिरवून आजोबांना काय कळलं असतं?

सुपाचा फलक मीच लिहिला होता. फुलंही मीच घातली, उघडं-उघडं दिसत होतं म्हणून. चुकलं. नवीन काय लिहू, तुम्ही सांगाल का?

छाट_बिडी
ते सूप आमच्याच घरचं आहे, भावानं मला न विचारता आणून दिलं. रविवारी परत न्यायला येणार होते.

येते, आईला घेऊन. तिला वाचता येत नाही. ती सांगेल ते तिच्यासमोर लिहा आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवा. तिला पटलं तर सूप तिथं राहील, नाही तर घरी. अजून पीठ चाळायला लागतं ते.