शुल्क भरलं, तरी आधीच्या मालकाची थकबाकी माझ्या माथी?

गेल्या महिन्यात जुना फ्लॅट घेतला. हस्तांतर शुल्क भरलं, नोंदणी झाली, मी निवांत. काल मालमत्ता कराचं बिल आलं. नाव आधीच्या मालकाचं आणि खाली बारीक अक्षरात 'मागील थकबाकी', दोन वर्षांची! एवढं शुल्क भरून हे कसं?

उत्तर : अहो, दोन्ही खाती वेगळी. शुल्क व्यवहारावर, एकदाच. कर दरवर्षी, आणि तो सहसा मिळकतीला चिकटतो, माणसाला नाही. खरेदीखतात 'ताब्याच्या तारखेपर्यंतचे कर विक्रेत्याने भरावेत' असं कलम आहे का पाहा. असलं तरी आधी भरून टाका, व्याज वाट बघत नाही. मीही असाच ठेचकाळून शिकलो.

उत्तर : कर खात्यावरचं नाव बदलायला बहुतेक ठिकाणी वेगळा अर्ज लागतो. आणि दुहेरी भार म्हणाल तर कॅनडातल्या टोरांटो शहरात २००८ पासून खरेदीदार प्रांताचं आणि शहराचं, दोन्ही हस्तांतर शुल्क भरतो.

प्रश्नकर्ता : कलम सापडलं, पान सात. विक्रेते फोन उचलेनात. पण पार्किंगचा शेवटचा हप्ता अजून माझ्याकडेच आहे, त्यातून वळता करतो.