नळाचं पाणी, कावीळ आणि आजीचं कॅलेंडर : इंदूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

रेवाकाठ
काल संध्याकाळी शेजारच्या काकू दारात आल्या आणि आईला म्हणाल्या, "धाकट्याला कावीळ निघालीय हो. चौकातून उसाचा रस आणून देऊ का?" आईने तोंड उघडायच्या आत मी आतून ओरडले, "काकू, नको!" मग रात्री झोप लागेना. सहावीचं वर्ष आठवत राहिलं.

तेव्हा माझी पाच आठवडे शाळा बुडाली होती. गल्लीतली आम्ही सात मुलं एकामागून एक पिवळी पडलो. प्रत्येक घरात एकच चौकशी, बाहेर काय खाल्लंस? पाणीपुरी, बर्फाचा गोळा, शाळेबाहेरच्या चिंचा, सगळ्यांवर आळ आला. आजीने मात्र भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. आमच्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड. नळ आला की आजी त्या तारखेवर टिंब द्यायची आणि पाणी गढूळ आलं की टिंबाभोवती गोल. महिनाभर मागे गेलो तर सलग तीन टिंबांना गोल होते. त्याच आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणून ठेवला होता.

आता मी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आजीने काय केलं होतं ते आत्ता कळतंय. अशी कावीळ करणारा हिपॅटायटिस ए चा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात. मूल पिवळं पडतं तेव्हा नळाला पुन्हा काचेसारखं पाणी येत असतं. नमुना घेऊन तपासलं तरी काही सापडत नाही, आणि दोष जातो पाणीपुरीवाल्याकडे.

आपलं शहर २०१७ पासून वर्षानुवर्षं देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिलं आलंय. मला त्याचा मनापासून अभिमान आहे, कचऱ्याची गाडी आली की मी स्वतः डबे घेऊन खाली पळते. पण रस्त्यावरची घाण दिसते म्हणून उचलली जाते. जमिनीखाली नळाची आणि ड्रेनेजची लाईन शेजारी शेजारी गेलेली असते, ती कोण बघतं? नळ गेला की पाइप रिकामा होतो, आत ओढ तयार होते, आणि जिथे फट असेल तिथून बाहेरचं पाणी आत येतं. पुढच्या वेळी नळ सुटला की पहिल्या दहा मिनिटांत तेच आपल्या हंड्यात. मला वाटतं आपण शहर झाडायला शिकलो, आता ते आतून तपासायला शिकायला हवं.

तुमच्या आठवणी लिहा. पाणी, डास, धूर, कचरा, काहीही. आजी आता नाही, ते कॅलेंडर मात्र मी जपून ठेवलंय.

जेलरोडकर
बेटा, कॅलेंडरचं वाचून गलबलून आलं. आम्ही नर्मदेआधीची माणसं. १९७८ मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी वर चढवून इंदुरात आलं, त्याआधी उन्हाळ्यात पहाटे तीनला उठून रांग लावायची. मी कॉलेजात होतो, सायकलच्या दोन्ही हँडलना कळशा. वाड्यातल्या विहिरीचं पाणी आई तुरटी फिरवून ठेवायची, मग लुगड्याची चौपदरी घडी करून गाळायची. लहानपणी पाठ केलं होतं, "डग डग रोटी, पग पग नीर". त्या माळव्यात पाणी सत्तर किलोमीटरवरून पंपाने आणावं लागलं आणि आम्ही पेढे वाटले. आनंद खराच होता. पण वाड्यातली विहीर त्यानंतर कुणी उपसली नाही, आणि मग हळूहळू तीत कचरा पडायला लागला. त्यात आमचा हातही होता.

पोहे_जिरावन
काका, कोणता वाडा? आमचे आजोबा पण जेल रोडलाच होते!!

जेलरोडकर
गणपतीच्या देवळामागचा. आता तिथे मोबाईलची दुकानं आहेत. आजोबांचं आडनाव व्यक्तिगत निरोपात कळवा.

ओपीडीतून
दोन पेशंटच्या मध्ये लिहितेय, चुका पोटात घाला. रेवाकाठ, ओरडलीस ते बरं केलंस. ऊस वाईट नाही गं, पण त्यातला बर्फ आणि ते चरक धुवायचं पाणी कुठलं? काविळीवर उतारा म्हणून दिलेल्या रसातून दुसरंच काही पोटात जायचं. घरचं साधं जेवण, उकळलेलं पाणी, विश्रांती, एवढ्यावर बहुतेक मुलं बरी होतात. झाडपाल्याची औषधं मात्र अजिबात देऊ नका, सुजलेल्या लिव्हरवर आणखी ओझं नको.

आणि घरात कुणी गरोदर असेल तर आधी तिला जपा. पाण्यातून हिपॅटायटिस ई पण येतो, तो शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकतो. मी इंटर्न असताना एक मुलगी अशीच आली होती, बावीस वर्षांची. अजून तिचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. पुढचा पेशंट आला.

दोन_नातवांची_आजी
अगं बाई. वाचून पोटात गोळा आला.
आमच्याकडे डेंगी झाला होता मोठ्या नातवाला. नळ एक दिवसाआड म्हणून मी घरभर भरून ठेवते, पिंप, बादल्या, देवघरातला तांब्यासुद्धा. तपासणीला मुलं आली होती टॉर्च घेऊन, त्यांनी पिंपात अळ्या दाखवल्या. मला खूप लाज वाटली, माझं घर आरशासारखं असतं. तो मुलगा म्हणाला, आजी हा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. तेव्हापासून शनिवारी सगळी भांडी रिकामी करून काथ्याने घासते. पपईच्या पानांचा रस देऊ का विचारलं होतं डॉक्टरांना, ते म्हणाले आधी पाणी पाजा आणि लघवी किती होते ते बघा.

रेवाकाठ
आजी, लाज कसली! आणि घासणं अगदी बरोबर आहे. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहिली तरी महिनोन् महिने जगतात, नुसतं पाणी ओतून देऊन जात नाहीत. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा. रोज नळ आला असता तर तुम्ही पिंप भरलंच नसतं, हे पण आहे ना?

गच्चीवरची_वांगी
इथे कुणी गेडीसबद्दल लिहील म्हणून वाट बघत होते, कुणीच नाही, मग मीच लिहिते. १९१७-१८ च्या सुमारास इंदुरात प्लेग होता, तेव्हा होळकर दरबाराने पॅट्रिक गेडीस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं. त्याने दिवाळीला मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या भागातली घरं सगळ्यात स्वच्छ आणि दुरुस्त असतील तिथून जाईल. लोकांनी गाड्या भरभरून कचरा काढला, उंदीर पकडले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि भलामोठा उंदीर होता, ते शेवटी जाळले. सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत मानाने चालले. तुळशीची रोपं वाटली.

मला हे वाचलं तेव्हा रडू आलं, कारण माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत झाडणाऱ्या मावशींना पाणी वरून, ओंजळीत द्यायचे. मी पण दिलंय तसं. त्या मावशींचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

आणि कंपोस्टची "इंदूर पद्धत" जगभर शिकवतात, ती अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने इथेच, १९२४ ते १९३१ मध्ये बसवली. पालापाचोळा, शेण, माती, राख, थरावर थर, मधून मधून उलटायचं, तीन महिन्यांत खत. माझी वांगी त्यावरच आहेत.

पोहे_जिरावन
वांग्यांचा फोटो टाका ना ताई. भरताची की भरल्याची?

गच्चीवरची_वांगी
भरल्याची, काटेरी. फोटो उद्या, फोन चार्जिंगला आहे.

पीथमपूर_दुसरी_शिफ्ट
बसमध्ये आहे. जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा आमच्याकडे पीथमपूरला जाळायला आणला, १२ कंटेनर. गॅसकांड १९८४ चं, माझा जन्म १९९१ चा. त्या दिवसांत आमची मुलगी विचारायची, बाबा खिडकी उघडू का? मला उत्तर येत नव्हतं. हळूहळू जाळला, चिमणीतून काय जातंय ते मोजत होते असं सांगितलं. असेलही. पण आमच्या वस्तीत कुणी मराठीत नाही तर हिंदीत बसून समजावलं असतं की भट्टीत काय होतं, राख कुठे जाणार, तर लोक रस्त्यावर उतरले नसते. भोपाळची माणसं चाळीस वर्षं त्याच्या शेजारी राहिली हेही खरंच, आम्ही त्यांच्याबद्दल तेवढा विचार केला नव्हता.

रेवाकाठ
दादा, तुमच्या मुलीचा प्रश्न मी वहीत लिहून ठेवलाय. आम्हाला उत्सर्जनाची मर्यादा शिकवतात, "खिडकी उघडू का" याचं उत्तर कसं द्यायचं ते शिकवत नाहीत.

कान्हाकाठचा
आपल्या कान्ह नदीबद्दल कुणी बोललंच नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर आजोबा आम्हाला उभं करून सांगायचे, इथे मी पोहायचो. आम्हाला वाटायचं थापा. नाल्यांचं पाणी अडवलं, २०२१ मध्ये शहराला वॉटर प्लसचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच सोडण्याबद्दलचा मान मिळाला, फरक पडलाय हे मी रोज बघतो. पण कान्ह इथे थांबत नाही, उज्जैनला क्षिप्रेत मिळते. सिंहस्थात तिथे बुडी मारणाऱ्या माणसाला इंदूरचं काय काय भेटतं याचा विचार केला की झोप उडते.

तिसरा_मजला
मला एक कबूल करायचंय. आम्ही नळाला थेट मोटर लावायचो. वर पाणी चढायचंच नाही, सगळ्यांनी लावली म्हणून आम्हीही. मूळ पोस्टमधलं "ओढ" वाचून थांबले. म्हणजे मोटरने ती ओढ आणखी वाढते ना? तळमजल्यावरच्या वहिनींचं बाळ तेव्हा सारखं जुलाबाने आजारी असायचं.

ओपीडीतून
वाढते. पण बाळ कशाने आजारी होतं ते आता कुणी सांगू शकणार नाही, ते मनाला लावून घेऊ नका. खाली टाकी करा, नळाचं पाणी आपणहून तिच्यात पडू दे, मोटर टाकीला लावा. आणि जुलाब झाले तर घरात ओआरएस, म्हणजे जलसंजीवनीची पाकिटं ठेवा. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा. मीठ जास्त नको, चवीला अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

तिसरा_मजला
सोसायटीत टाकीचं बोलते. पैशांवरून भांडण होणार, होऊ दे.

दोन_नातवांची_आजी
रेवाकाठ बाळा, शेजारचा धाकटा कसा आहे? आणि त्याच्या आईला म्हणावं दुधीची भाजी कर, मुगाचं वरण, घाबरू नकोस.

रेवाकाठ
आजी, आज दोन घास वरणभात जेवला आणि चकली मागत होता. काकूंकडे कॅलेंडर नाही, फोनवरच बघतात. पण महिन्याभरापूर्वी पाण्याला वास येत होता का विचारल्यावर त्या म्हणाल्या, हो, सासूबाईंच्या श्राद्धाच्या दिवशी, स्वयंपाकाला जार मागवावा लागला होता. तारीख मिळाली. गल्लीत अजून दोन घरी मुलांना ताप आहे, तिथे जाऊन येते.