टाळी कायम ठोक्याच्या आधी पडते. लय कच्ची समजायची का?

मृदुला_सांगली:
मी घरी मुलांना तबला शिकवते. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र) लावून त्यांच्या टाळ्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या आणि ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ताणून पाहिल्या. एक मुलगी दर मात्रेला साधारण 50 मिलिसेकंद आधी टाळी देते. विचारलं तर म्हणते, "ताई, ठोक्यावरच तर पडतेय!" शेजारचा मुलगा सरासरीने नेमका ठोक्यावर, पण कधी पुढे, कधी मागे. तिला आधीच्या क्लासमधून "लय नाही" म्हणून घरी पाठवलं होतं. तीनताल ती इतका छान धरते की मला ते पटतच नाही. जाणकारांनी सांगा.

नादवेडा:
तिला अजिबात सोडू नका. नुसत्या टकटकीबरोबर बोट आपटायला सांगितलं तर बहुतेकांचा आघात 20 ते 80 मिलिसेकंद आधीच पडतो, आणि त्यांना तो बरोबरच वाटतो. वादकांत हे अंतर कमी असतं. एक कारण असं मानतात की हाताचा स्पर्श मेंदूला आवाजापेक्षा उशिरा कळतो, म्हणून हात आधी पडतो. पायाने ठेका धरला तर अंतर आणखी वाढतं! तुम्ही सरासरी बघू नका, टाळ्या किती विखुरतात ते बघा. माझ्या मते लक्ष त्या मुलाकडे द्यायला हवं. आणि टकटकीऐवजी लेहरा (तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी धून) लावून बघा, मात्रांमधली जागा भरली की अंतर घटतं.

तारांगण_पुणे:
अशाच फरकापायी 1796 साली ग्रिनिचच्या वेधशाळेतून डेव्हिड किनब्रुक या सहायकाची नोकरी गेली. घड्याळाची टिकटिक ऐकत, तारा दुर्बिणीतली तार कधी ओलांडतो ते टिपायचं काम. वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलिनसाहेब यांच्यापेक्षा त्याच्या नोंदी 0.8 सेकंद उशिराच्या येत. पुढे बेसेल या जर्मन खगोलज्ञाने दाखवलं की नामांकित खगोलज्ञांच्या नोंदींतही आपसात असा फरक पडतो. किनब्रुकवर अन्यायच झाला, असं मला मनापासून वाटतं.

साउंडवाला_दादर:
ताई, टाळी आणि ठोका एकाच माइकने टिपलेत ना? ब्लूटूथ हेडफोन असेल तर आवाज कानाला 100-200 मिलिसेकंद उशिरा पोचू शकतो, मग मोजमापच बिघडतं. स्पीकर लांब असेल तर मीटरमागे 3 मिलिसेकंद धरा.

मृदुला_सांगली:
एकच माइक, स्पीकर जवळच होता. आज लेहऱ्यावर घेतलं, तिचं अंतर बरंच कमी आलं. तिच्या आईला फोन करून सांगितलं. त्या मुलाकडून आता रोज बोलांची पढंत (तबल्याचे बोल तोंडाने म्हणणं) करून घेतेय, हाताने टाळी देत. आणखी काही करता येईल का?