मिरजेतले १७,५०० की मुंबईतले २९,००० : परिचारिकेने पगाराची तुलना कशी करावी?

कृष्णाकाठ
मी जी.एन.एम. (परिचर्येची पदविका) झालेली परिचारिका असून मिरजेतील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात चार वर्षांपासून काम करते. एकूण पगार १७,५०० रुपये आहे. भविष्य निर्वाह निधी आणि ई.एस.आय. (कर्मचारी राज्य विमा) वजा जाता हाती साधारण १५,६०० येतात. घर स्वतःचे, पाच किलोमीटरवर आहे आणि जाण्यायेण्याला एस.टी.चा पास पुरतो. आता मुंबईतील अडीचशे खाटांच्या एका रुग्णालयाने २९,००० रुपये देऊ केले असून त्यातले २७,००० हाती येतील असे सांगितले आहे. पहिले सहा महिने वसतिगृहात कॉट मिळेल, त्याचे २,५०० रुपये वेगळे वळते होतील. घरच्यांचा हिशेब सरळ आहे, दरमहा अकरा हजार जास्त, मग विचार कसला करायचा? मला तो हिशेब पटत नाही, पण नेमका कुठे चुकतो हे मांडताही येत नाही. ज्यांनी दोन्हीकडे नोकरी केली आहे त्यांनी कृपया सांगावे.

रात्रपाळी
ताई, मी मूळची कऱ्हाडची असून बारा वर्षांपूर्वी अशाच आकड्यावर मुंबईत आले. वसतिगृहात असेपर्यंत मी दरमहा घरी पैसे पाठवत होते आणि सगळ्यांना वाटे, पोरीने चांगले केले. सातव्या महिन्यात कळव्याला तिघींनी मिळून एक खोली घेतली आणि हिशेब उलटा फिरला. डिपॉझिट आणि दलाली एकदम द्यावी लागली, अकरा महिन्यांचा करार संपला की भाडे वाढले, आणि दोघींची दिवसपाळी व एकीची रात्रपाळी असेल तर दिवसा झोपायचे कुठे हा प्रश्न वेगळाच. लोकलचा पास स्वस्त असतो हे खरे, पण दुपारपाळीचा हँडओव्हर देऊन बाहेर पडायला साडेनऊ होतात आणि स्टेशनवरून खोलीपर्यंत रिक्षा करावीच लागते. हा खर्च पगाराच्या चिठ्ठीत कुठेच दिसत नाही.

आज आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुली खोलीतल्या एका वाट्याला ५,००० आणि डब्याला ४,००० देतात. त्यात रिक्षा, मोबाईल, वीजबिलाचा वाटा आणि महिना-दोन महिन्यांतून महालक्ष्मी एक्सप्रेसने घरी एक फेरी धरली, तर बारा हजारांच्या आत कोणाचे भागत नाही. मिरजेत तुमचा हा खर्च जवळजवळ शून्य आहे, म्हणजे तुमचे अकरा हजार सातव्या महिन्यातच संपतात. पीठ, तांदूळ, चटणी घरून आणली तरी फार फरक पडत नाही, मी आणून पाहिली आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगते. बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, लिहून घेत असतील तर मूळ प्रमाणपत्रे आणि परिचर्या परिषदेची नोंदणी त्यांच्याकडे ठेवू नका, फक्त दाखवा आणि परत घ्या. माझी प्रमाणपत्रे पहिल्या रुग्णालयात दीड वर्ष अडकली होती आणि त्या काळात दोन चांगल्या संधी हातच्या गेल्या.

लेखाशाखा
मी शासकीय रुग्णालयाच्या लेखा विभागात असल्याने माझे उत्तर थोडे रुक्ष होईल. तुमच्या तुलनेतून एक बाब सुटली आहे. ई.एस.आय.ची पगारमर्यादा २१,००० रुपये असल्याने २९,००० ला गेल्यावर ते संरक्षण संपते. मिरजेत पगाराच्या पाऊण टक्क्यात, म्हणजे १३१ रुपयांत, तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळू शकतात; मुंबईत गेल्यावर त्यांच्यासाठी विमा काढायचा म्हटले तर हप्ता पाहून घ्या. शिवाय महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यापुढे तो वर्षाला २,५०० रुपये लागतो.

आता मूळ मुद्दा. सरकारी नोकरीत जागेनुसार पगार बदलतो तो प्रामुख्याने घरभाडे भत्त्यात. राज्य सेवेतील अधिपरिचारिकेचे (स्टाफ नर्सचे) मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होते. घरभाड्याचे दर सातव्या वेतन आयोगाच्या सुरुवातीला शहराच्या वर्गाप्रमाणे २४, १६ आणि ८ टक्के होते आणि महागाई भत्ता वाढेल तसे ते ३०, २० आणि १० टक्क्यांपर्यंत नेण्याची तरतूद आहे. वरच्या टप्प्याने मुंबई-पुण्यात १०,६२०, सांगली-कोल्हापुरात ७,०८० आणि तालुक्याच्या गावी ३,५४० रुपये होतात. मुंबई आणि तालुका यांतील फरक ७,०८० रुपयांचा, म्हणजे वरच्या रात्रपाळीताईंच्या हिशेबातला खोलीचा वाटा जेमतेम भागवून दोन हजार उरतील एवढाच. महागाई भत्ता मात्र अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो, त्यामुळे गडचिरोलीतल्या आणि दादरमधल्या परिचारिकेला त्याची टक्केवारी एकच मिळते. काळानुसार वाढलेली महागाई तो भरून काढतो, जागेनुसार बदलणारी नाही.

खासगी क्षेत्रात तर एवढाही दुवा नाही, कारण तिथे पगार घरभाड्यावर नव्हे तर किती मुली अर्ज करतात यावर ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत राज्य शासनाइतके वेतन आणि ५० पेक्षा कमी खाटा असतील तिथेही किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. केरळने २०१८ मध्ये अधिसूचना काढून खासगी रुग्णालयांसाठी किमान वेतन ठरवले. तुमच्या मुंबईच्या रुग्णालयात अडीचशे खाटा आहेत, म्हणजे त्या शिफारशीप्रमाणे त्यांचा एकूण पगारसुद्धा शासनाच्या नुसत्या मूळ वेतनाहून ६,४०० रुपयांनी कमी भरतो. बोलणी करताना हा आकडा माहीत असावा, एवढ्यासाठी सांगितले.

टेम्सकाठ
इंग्लंडमध्येही हेच दुखणे आहे, फक्त आकडे पौंडांत. सरकारी आरोग्यसेवेत नव्या परिचारिकेचा पगार २०२५-२६ साली वर्षाला ३१,०४९ पौंडांपासून सुरू होतो आणि त्यावर महागड्या भागाचा भत्ता मध्य लंडनमध्ये २० टक्के, बाह्य लंडनमध्ये १५ आणि लंडनच्या सीमेवरच्या भागात ५ टक्के मिळतो. माझ्या वॉर्डातील दोघी जणी भत्ता सोडून उत्तरेकडच्या शहरांत गेल्या, कारण तिथे त्यांना स्वतंत्र घर परवडले. मी राहिले, ते नवऱ्याची नोकरी इथे आहे म्हणून.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. ई.एस.आय.चा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. वडिलांचे मधुमेहाचे औषध तिथूनच येते. काल मुंबईला फोन करून वसतिगृह दोन वर्षे मिळेल का, असे विचारले. सहा महिन्यांनंतर बघू, असे उत्तर आले. लेखी द्या म्हटल्यावर मेल करतो म्हणाले, तो अजून आलेला नाही. मेल आला आणि त्यात दोन वर्षे असली तर जाईन, कारण वसतिगृहाचे आणि जेवणाचे पैसे वजा करूनही तेव्हा दरमहा तीन-चार हजार नक्की जास्त उरतात आणि मोठ्या आय.सी.यू.चा अनुभव मिळतो. नाहीतर इथेच राहून सरकारी भरतीचा अभ्यास सुरू करेन. रात्रपाळीताई, प्रमाणपत्रांच्या छायाप्रती आजच काढून ठेवल्या.