धंद्यातल्या ओळखी: कशा जुळल्या, कशा टिकल्या? (अनुभव धागा)

स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या कुणालाही विचारा, काम कुठून येतं? 'ओळखीतून' हे उत्तर ठरलेलं. पण ती ओळख झाली कशी, हे कुणी सांगत नाही. व्हिजिटिंग कार्डं सगळ्यांच्याच ड्रॉवरमध्ये पडून असतात, मग त्यातल्या एखाद्याच माणसाशी पुढे नातं का जुळतं? म्हणून हा धागा. पहिली भेट कशी झाली, दुसऱ्यांदा बोलायला निमित्त काय मिळालं, काम यायला किती काळ गेला, असं घडलेलं लिहा. 'माणसं जोडा, हसतमुख राहा' छापाचे सल्ले पुष्कळ वाचून झालेत.

सुरुवात मीच करतो. माझी सॉफ्टवेअर टेस्टिंगची छोटी फर्म आहे. सर्वात जुना क्लायंट ज्याच्यामुळे मिळाला, त्याने स्वतः मला कधीच काम दिलं नाही. त्याच्या कंपनीने माझं कोटेशन नाकारलं होतं. मात्र 'यातल्या अमुक चाचण्यांची तुम्हाला गरज नाही, त्यावर खर्च करू नका' असं मी त्यात लिहिलेलं त्याच्या लक्षात राहिलं. पुढे त्याचा एक मित्र टेस्टिंग करून देणारं कुणी शोधत होता, तेव्हा त्याने माझं नाव सुचवलं. नाकारलेल्या कोटेशनमागेही माणूस असतो हे तेव्हापासून धरून चालतो.

यंत्रांचे सुटे भाग बनवणारा

माझ्या बहुतेक ओळखी प्रदर्शनांतल्या. तिथे पहिल्या दिवशी सगळे घाईत असतात, कुणाशी धड बोलणं होत नाही. शेवटच्या दिवशी दुपारनंतर गर्दी ओसरते, स्टॉलवाले कंटाळून बसलेले असतात, तेव्हा मी फिरायला निघतो. आणि आधी प्रतिस्पर्ध्यांच्या स्टॉलवर जातो. ग्राहक नंतर.

लोकांना हे विचित्र वाटतं. पण माझी मशिन अमुक मापापर्यंतच काम करते, शेजारच्याची त्यापुढे. त्याच्याकडे लहान ऑर्डर आली की त्याला ती नकोशी असते, माझ्याकडे मोठी आली की मला झेपत नाही. आधी माझ्याकडून एक मोठी चौकशी त्याच्याकडे गेली. त्याच्याकडून बरेच महिने काही आलं नाही. मग एकदा त्याची मशिन बंद पडली आणि अर्धवट राहिलेली ऑर्डर त्याने मला करायला दिली, ग्राहकाला स्पष्ट सांगून. मीही त्या ग्राहकाशी परस्पर संधान बांधलं नाही. आमच्या नात्याचा पाया हाच. माझा ग्राहक तो पळवणार नाही, त्याचा मी पळवणार नाही.

एक सवय सांगतो. कार्ड मिळालं की त्याच संध्याकाळी मागच्या बाजूला लिहायचं: काय बोलणं झालं, आपण काय पाठवतो म्हणालो. त्याचं पद, त्याची कंपनी हे पुढे छापलेलंच असतं.

भाषांतरकार (स्वतंत्र)

कार्यक्रमांना जाऊन अनोळखी माणसांशी बोलणं मला जमत नाही आणि ते आता शिकायचंही नाही. माझ्या ओळखी काम नाकारण्यातून झाल्या. कायद्याचे मसुदे मी घेत नाही. तसं काम आलं की ते चोख करणाऱ्या दोघींची नावं देते. नाव देण्याआधी त्यांना विचारते, 'वेळ आहे का, क्लायंट असा असा आहे, बोलायला आवडेल का?' दोन्हीकडून होकार आला तरच जोडून देते. न विचारता दोघांना एका ईमेलमध्ये घालून 'आता तुम्ही बोला' म्हणणारे लोक आहेत. मग त्या दोघांना भिडेखातर बोलत बसावं लागतं.

त्या दोघींकडून मला वैद्यकीय भाषांतराचं काम येतं. कमिशन कुणीच घेत नाही, आणि घेतलं असतं तर हे इतकं टिकलं असतं असं मला वाटत नाही.

नोकरभरती सल्लागार

वरचे अनुभव वाचून मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा शोधनिबंध आठवला. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्या ओळखीतून नोकरी मिळाली ती व्यक्ती तुम्हाला तेव्हा कितीदा भेटायची? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त म्हणणारे १६.७ टक्के. वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा, पण आठवड्याला दोनदापेक्षा कमी, असे ५५.६ टक्के. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी, २७.८ टक्के. हे आकडे अवघ्या ५४ जणांचे आहेत, म्हणून फार ताणू नयेत. पण कारण पटतं: रोजच्या मित्रांना जे माहीत ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी दुसऱ्या गोतावळ्यातून येते.

२०२२ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरच्या प्रयोगांचा अभ्यास आला. त्यात कल तोच दिसला, फक्त एक दुरुस्ती होती: अगदीच पुसट ओळखीपेक्षा मध्यम पुसट ओळख जास्त उपयोगी. म्हणजे दोघांच्या ओळखीचे काही लोक सामाईक असावेत, पण फार नसावेत. माझ्या कामात अगदी हेच दिसतं. उमेदवाराचा जिवलग मित्र त्याचं कौतुकच करणार. दोन-तीन प्रकल्पांत बरोबर असलेला सहकारी जे सांगतो, त्यावर मी उमेदवाराला फोन करते.

फोटोग्राफर

दर आठवड्याला भेटणाऱ्या रेफरल गटात (सदस्यांनी एकमेकांना ग्राहक सुचवायचे, असा गट) काही वर्षं होतो, म्हणून थोडं लिहितो. एका व्यवसायाचा एकच सदस्य, हा त्यांचा मुख्य नियम. कल्पना जुनीच. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तिघांना सोबत घेऊन रोटरी सुरू केली, तेव्हा बैठक आळीपाळीने सदस्यांच्या कचेऱ्यांत व्हायची (नाव त्यावरूनच पडलं). प्रत्येक व्यवसायाचा एकच प्रतिनिधी घेण्याची पद्धत तिथेही होती. पुढे रोटरीचा भर सेवेकडे वळला. निव्वळ धंद्याच्या रेफरलसाठी १९८५ मध्ये बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) ही संस्था आली, आणि तशा धर्तीचे गट आता बरेच आहेत.

मी ज्या गटात होतो तिथे रेफरलची संख्या मोजली जायची. आकडा भरण्यासाठी एकाने मला त्याच्या मेहुण्याचा नंबर दिला. मेहुण्याला फोटो काढून घ्यायचेच नव्हते! पण त्याच गटातल्या विमा एजंट बाईंनी दिलेली ओळख आजही काम देते, कारण त्या माझा फोन नंबर देण्याआधी समोरच्याला माझे फोटो दाखवायच्या. थेट लोकांना सेवा देणाऱ्यांना असे गट उपयोगी पडतात. मोठ्या कंपन्यांना माल विकणाऱ्याने आठवड्याची एक सकाळ तिथे घालवू नये, हे माझं मत.

करसल्लागार

ओळखीचा विषय निघाला की सगळे ग्राहकांबद्दल बोलतात. माझं अर्धं काम व्हेंडर लोकांकडून येतं. छपाईवाला, संगणक दुरुस्त करणारा, सर्व्हर सांभाळणारी फर्म. यांचं बिल आलं की मी मुदतीआधी देतो. छोट्या व्यावसायिकाची निम्मी शक्ती उधारी वसूल करण्यात जाते, त्यामुळे वेळेवर पैसे देणारा माणूस त्याच्या लक्षात राहतो. आणि ही मंडळी दिवसभर दहा ऑफिसांत जातात. कुणाचा हिशेब तुंबलाय, कोण सल्लागार बदलतोय, हे त्यांना आधी कळतं.

मी स्वतः कुणासाठी शब्द टाकतो तेव्हा माहिती नेमकी देतो. 'यांचं काम मी पाहिलेलं नाही, फक्त ओळखतो' किंवा 'यांनी माझं काम केलंय, दर्जा उत्तम, पण वेळ लागतो.' 'उत्तम माणूस आहे' एवढंच सांगितलं आणि काम बिघडलं, तर पत माझी जाते.

(नाव, व्यवसाय नको)

कनेक्शन स्वीकारल्यावर दुसऱ्याच मिनिटाला माहितीपत्रक पाठवणाऱ्यांना धागा वाचायला द्या कुणीतरी.

इंटिरियर डिझायनर

संध्याकाळचे कार्यक्रम लहान मूल असलेल्या बाईला परवडत नाहीत. गेलेच तर 'मिस्टर काय करतात?' हा प्रश्न कामाच्या आधी येतो. शेवटी मीच चौघांची सकाळची भेट सुरू केली: एक इलेक्ट्रिकल कंत्राटदार, एक फर्निचरवाला, एक आर्किटेक्ट, मी. अजेंडा एकच, सध्या कोणत्या साइटवर काय अडलंय. काम मागायचं नाही असा नियम नव्हता, पण कुणी मागितलं नाही. दुसऱ्याची अडचण ऐकता ऐकता कोण कामात कसा आहे हे कळत जातं. मोठ्या हॉलमध्ये ते कळायला वावच नसतो.

निर्यात सल्लागार

जुन्या ओळखींबद्दल कुणीच लिहिलं नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वरिष्ठ अधिकाऱ्यांना, वर्षानुवर्षं संपर्क नसलेल्या लोकांशी चालू प्रकल्पाबद्दल बोलायला सांगितलं होतं. त्यांच्याकडून आलेला सल्ला रोजच्या संपर्कातल्या लोकांपेक्षा नवा निघाला. विश्वास पूर्वी एकत्र काम केल्यामुळे टिकून होता, माहिती मात्र मधल्या काळात वेगळी झाली होती. मीही जुन्या सहकाऱ्यांना लिहायला लागलो. बहुतेकांनी आनंदाने उत्तर दिलं, काहींनी दिलंच नाही.

वाचनमात्र, आज पहिल्यांदा लिहितेय

निर्यातवाले काका, इतक्या वर्षांनी लिहायचं म्हणजे संकोच वाटतो. 'काम पडलं म्हणून आठवण आली' असंच वाटणार ना समोरच्याला? तुम्ही नक्की काय लिहिता?

निर्यात सल्लागार

काम पडलं असेल तर तसं पहिल्याच ओळीत लिहावं, लपवलं की जास्त खटकतं. माझा शेवटचा मेसेज असा होता: 'बऱ्याच वर्षांनी लिहितोय, आणि कामासाठीच लिहितोय. आपण त्या कोल्ड स्टोरेजच्या प्रकल्पावर होतो तेव्हा तापमानाच्या नोंदींचं सगळं तू पाहायचास. माझ्या क्लायंटची तशीच अडचण आहे. तू अजून त्या विषयात आहेस का? नसशील तर कुणाला विचारू, एवढं सांगितलंस तरी पुष्कळ.' एका मिनिटात उत्तर देता येईल असा प्रश्न ठेवायचा, आणि सोबत काहीही जोडायचं नाही. तो आता दुसऱ्याच क्षेत्रात आहे. नाव दिलं त्याने एकाचं, उद्या बोलणार आहे.